यंत्राला गंध

अन्नछत्राच्या दारातलं यंत्र चेहरा पाहून प्रत्येकाचं नाव-गाव मोठ्यानं सांगायचं. हौसाबाईंनी पदर पुढे ओढला, तरी ते बोललंच, "हौसाबाई. घर नाही. मुक्काम पुलाखाली. पंगत मागच्या दारी."

रांगेतल्या माना वळल्या. हौसाबाई परत फिरल्या.

"मावशी, थांबा," दारात सगळ्यांना गंध लावणारे विश्वंभर गुरव म्हणाले. "गंध लावल्याशिवाय जायचं नाही."

त्यांनी हौसाबाईंच्या कपाळी गंध लावलं. मग तेच बोट वाटीत बुडवून यंत्राच्या डोळ्यावर जाडसर फिरवलं.

"गुरव, हे काय?" विश्वस्त ओरडले.

"तेही दिवसभर दारात उभं असतं. त्याला कुणी लावलंच नव्हतं."

यंत्राला आता कुणाचाच चेहरा दिसेना. त्याच्याकडे सगळ्यांसाठी एकच वाक्य उरलं, "भाविक आले आहेत. पान वाढा."