कात्रीची कचकच

"वहिनी, बोक्याच्या किडन्या गेल्यात. इंजेक्शन देतो, सुटेल बिचारा," जनावरांचा डॉक्टर असलेला दीर म्हणाला.

"हात तर लावून बघ!" शिलाईवाली कडाडली.

कात्री वाजली की हा बोका गाढ झोपेतूनही उठून चिंध्यांवर झडप घालायचा. तिने कापायच्या टेबलावर निपचित पडलेल्या बोक्याच्या कानाशी कात्री कचकचवली.

बोका ताडकन उठला. चिंधी पळवली, दुधाची वाटी चाटूनपुसून साफ केली. दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय डॉक्टरसाहेब, जिरली?" ती खदखदून हसली.

समोरच्या आरशात मात्र बोका अजून टेबलावर निपचितच होता.

"पडू दे तिकडे!" तिने आरशावर अस्तराचं कापड फेकलं आणि गुरगुरणाऱ्या बोक्याला छातीशी धरलं.

कापडामागून हुंदका आला. आवाज तिचाच होता.