निकेतच्या नावावर

"निकेत खंय आसा म्हणान इचारल्यान तर काय सांगूचा?" रियाने तिसऱ्यांदा विचारलं.

"बाजारात गेलो म्हणान सांग," भाई म्हणाला. "आणि तू कमी बोल गो. तोंड उघडलंस की पोटातला सगळा भायर येता तुझ्या."

पुण्याच्या संजना मॅडम जिना चढत होत्या. मालवणच्या बाजारात पानाच्या दुकानावर एक खोली, तीत चार संगणक, हेच कंपनीचं इथलं ऑफिस. साल दोन हजार आठ. पुण्याहून कामं इंटरनेटवरच्या एका फळ्यावर यायची. प्रत्येक कामाला क्रमांक, पुढे करणाऱ्याचं नाव. काम झालं की ज्याने त्याने आपल्या पासवर्डने आत जाऊन 'झालं' अशी खूण करायची. पुण्यात माणसाचं तोंड कोणी बघत नसे, फळा बघत. तो फळा मॅडमच्या ताब्यात. पासवर्डही त्याच वाटायच्या. स्वल्पविराम चुकला तरी काम परत पाठवणारी बाई. सगळे टरकून असत.

चौथी खुर्ची दोन महिने रिकामी होती. निकेत तारकर्लीला घरचे नारळ काढायला माडावर चढला आणि कंबरेवर आपटला. चार महिने खाट सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीचा नियम साफ होता: महिनाभर ज्याच्या नावापुढे काम नाही, त्याचं नाव फळ्यावरून उतरतं. आणि निकेतच्या घरात त्याच्याशिवाय कमावतं कोणी नव्हतं.

भाई रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातला. त्यांच्या वाडीत रापणीचा एखादा गडी आजारी पडला तर बाकीचे त्याच्या वाटणीची दोरी ओढतात आणि मासळीचा वाटा त्याच्या घरी पोचता करतात. भाईने तोच कायदा संगणकाला लावला. आपलं काम उरकलं की निकेतकडून मागून घेतलेल्या पासवर्डने त्याच्या नावाने आत जायचं आणि त्याचं एखादं करून टाकायचं. कोणी किती केलं ते मात्र विचारायचं नाही. मोजायला बसलं की त्याचे उपकार होतात, असं भाईचं म्हणणं.

मॅडम आल्या त्या थेट रिकाम्या खुर्चीवरच बसल्या. निकेत कुठे आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. पर्समधून एक कागद काढला.

"दोन महिन्यांत निकेतच्या नावावर एकसष्ट कामं झालीत," त्या म्हणाल्या. "मंगळवारी त्यातलं एक दोनदा झालं. सकाळी एकदा, दुपारी पुन्हा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने. एकच माणूस असं करत नाही."

रियाला रडूच आलं.

"त्यातली बारा माझी, मॅडम. मंगळवारी सकाळचं पण माझंच, 'झालं'ची खूण तेवढी राहिली."

"रिया!"

"आता लपवन काय उपेग, भाई?"

तिसऱ्या संगणकावरच्या सर्वेशने मान खाली घातली. "माझी दहा."

"अठरा माझी," भाई उभा राहिला. "आणि ही अक्कलही माझीच. काढायचं तर मला काढा." मग त्याचं ऑफिसातलं मराठी सुटलं. "त्या झिलाचा नाव तेवढा रवांदे, बाय."

मॅडमनी कागदावर आकडे मांडले. "चाळीस."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाई, तुमी कमी सांगतास," सर्वेश म्हणाला.

"देवाशपथ अठराच. मंगळवारी दुपारी तू केलंस?"

"दुपारी खंयसून करतलंय? संध्याकाळपर्यंत लाईट नाय होती हापिसात."

रिया डोळे पुसायची थांबली. निकेतला अजून उठून बसता येत नव्हतं, आणि घरी त्याच्याकडे संगणक नव्हता. एकवीस कामं, आणि ती सगळ्यांत किचकट. तिघांनीही जी हात न लावता मागे ठेवली होती तीच.

मॅडमनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"यापुढे कोण कोणतं करणार ते आपण चौघं आधीच ठरवून घेऊ," त्या म्हणाल्या. "मंगळवारी माझी अख्खी दुपार फुकट गेली."