शाईवरचा रवा

मेहमूदनं पखवाज उभा केला, काळ्या शाईचं तोंड वर. केडगावातल्या त्याच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आधीच जागा कमी. त्यात बापूसाहेब पाटावर बसलेले, आणि त्यांच्या सारजाबाई उंबऱ्यात.

बापूसाहेबांच्या हातात हातोडी होती, पण हात उठत नव्हता. कान गेल्यापासून पखवाज त्यांना फक्त तळहातात कळायचा. ताल हाताला लागायचा. टाळकऱ्यांकडं बघत ते ठेका बरोबर धरायचे. सूर मात्र हाताला लागत नव्हता. गेल्या एकादशीला निमोण्याच्या देवळात त्यांनी पखवाजाचा सूर चढवला, तो चढवतच गेले. पेटी एकीकडं, पखवाज भलतीकडं. एवढ्या मोठ्या माणसाला सांगणार कोण? सगळ्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा त्यांना उमगलं. उद्या सप्त्याचा काला होता. भजनी मंडळानं ठेक्याचं मशीन आणलं होतं. कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मशीन नुसतं बापूसाहेबांच्या जागेवर ठेवलं होतं.

मेहमूदनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग हातोडीकडं बोट केलं. मी लावून देतो.

"तू हितं लावशील रं," बापूसाहेब म्हणाले. ऐकू येत नसल्यानं त्यांचं बोलणं गल्लीभर जायचं. "निमोण्याला जाईस्तवर उतरंल. मग तिथं कोन?"

"घरात तरी माझं कवा ऐकलं ह्यांनी," सारजाबाई म्हणाल्या. "आता कानाचं निमित्त झालं."

एवढ्यात मेहमूदची लेक सायमा कामावरून आली. अंगात अजून कंपनीचा निळा शर्ट. शिरूरकडच्या एका कारखान्यात ती मशिनांची थरथर तपासायची. कुठलं मशीन बिघडायला आलंय, ते तिला थरथरीवरून कळायचं. पखवाजापुढं ताटकळलेले बापूसाहेब तिनं पाहिले, त्यांच्या हातातली हातोडी पाहिली. मग आत डोकावून म्हणाली, "अम्मी, वाटीभर रवा दे. बारीक."

"शिऱ्याचा हाय," आतून मदिना म्हणाली. "सांडू नको."

"आता पखवाजाला शिरा चारता का काय?" सारजाबाई हसल्या.

सायमानं चिमटीनं रवा शाईवर भुरभुरला. काळ्यावर पांढरं, सारवलेल्या अंगणात रांगोळी सांडावी तसं. छोटा स्पीकर वायरनं मोबाइलला जोडला, पेटीचा सा त्यावर लावला आणि स्पीकर कातड्याजवळ धरला. सा घुमायला लागला. रवा जागचा हलला नाही; पखवाज त्या सुराला लागलेलाच नव्हता.

तिनं बापूसाहेबांना खुणावलं. ठोका.

त्यांनी कडेच्या चामडी गजऱ्यावर खालून हातोडी मारली. कातडं जरा सैलावलं. दोन-चार दाणे थरथरले. आणखी एक ठोका, पखवाज फिरवून आणखी एक. दाणे एका अंगानं उड्या मारायला लागले, दुसरं अंग निजलेलंच. बापूसाहेबांनी निजलेल्या अंगाला हलकेच मारलं. आता त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं. ते दाण्यांकडं बघत होते, हातोडी आपसूक जागा शोधत होती.

आणि एकदम सगळा रवा उठला. नाचला, सरकला, आणि शाईभोवती पांढरं कडं करून उभा राहिला.

मेहमूदनं डोळे मिटून घेतले होते. उघडले, आणि त्याची मान नुसती डोलली.

बापूसाहेबांनी त्या कड्याकडं बघत हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "जलमभर सूर ऐकला पोरी. कसा दिसतो, ते म्हाईत न्हवतं."

"हे तू शिकलीस कुठं गं?" सारजाबाईंनी विचारलं.

"कंपनीत, मामी. तिथं थरथर मोजतो आमी." सायमा बापाकडं बघून हसली. "अब्बा दिवसभर त्यालाच सूर म्हणत बसत्यात."

"म्हंजी तुज्या कंपनीला सूर कळत न्हाई, आन् मला थरथर," मेहमूद म्हणाला. "बरी मिळाली जोडी."

तिनं स्पीकर बंद केला, वायर काढून हाताला गुंडाळू लागली. स्पीकर उद्या बापूसाहेबांसोबत द्यायचा होता. तोवर चार्ज करून ठेवावा म्हणून तिनं तो बाजूला ठेवला.

बापूसाहेबांनी बोटानं ते पांढरं कडं मोडलं. दाणे पुन्हा शाईवर विस्कटले. ते पखवाजावर वाकले. श्वासानं रवा उडू नये म्हणून त्यांनी तोंड जरा कलतं धरलं आणि डोळे मिटले.

सारजाबाई उंबऱ्यातून अर्ध्या उठल्या. कान गेल्यापासून त्यांच्या माणसानं गाणं सोडलं होतं. आपला सूर कुठं भरकटला ते आपल्यालाच कळत नाही, मग देवापुढं तोंड कशाला उघडायचं, म्हणून.

"विठ्ठल," बापूसाहेबांनी आवाज लावला. खालचा, लांब, जुन्या सवयीचा.

हातोडी पुसणाऱ्या मेहमूदच्या हातातलं फडकं थांबलं. आतून मदिना दारात आली.

शाईवरचे दाणे उठले. एकेक करून सरकले, शाईच्या कडेला गेले आणि पांढरं कडं पुन्हा उभं राहिलं.

श्वास संपला तसे बापूसाहेबांनी डोळे उघडले. ते कड्याकडं बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी सायमाकडं पाहिलं. पोरीनं हळूच स्पीकर चालू केला असणार, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

सायमानं वायर वर धरून दाखवली. ती कुठंच जोडलेली नव्हती.