दातांवरची खाच

"मावशी, अजून थोडं उघडा."

सिंधुबाईंनी जोर लावला. कानापुढं कट् असा आवाज झाला आणि जबडा दीड बोटावर येऊन अडला. डोळ्यांत पाणी तरारलं, पण बाईंनी हूं का चूं केलं नाही.

डॉक्टर उत्कर्षानं पट्टी लावून मोजलं. चोवीस मिलिमीटर. शेळगावची ही अठ्ठावन्न वर्षांची बाई तीन महिने भाकरी दुधात कुस्करून गिळत होती, आणि आता तेही जमेना. सांधा असाच आखडत गेला तर तोंड मिटलेलंच राहणार. मग पुण्याला शस्त्रक्रिया, आणि तिचाही भरवसा नाही.

बारामतीतल्या आपल्या दवाखान्यात उत्कर्षा जबड्याच्या सांध्याच्या रोग्यांची पाहणी करत होती. हा सांधा कशाकशानं बिघडतो, याचा चौदा प्रश्नांचा कागद तिनं स्वतः तयार केला होता. त्या कागदाचा तिला थोडा ताठाही होता, कारण आजवरच्या बासष्ट रोग्यांत कुणाचंच कारण कागदाबाहेर गेलं नव्हतं.

"सुपारी खाता?"

"न्हाय."

"जेवताना एकाच बाजूनं चावता?"

"दोन्हीकडनं."

"झोपेत दात खाता?"

"घरातलं कुणी कधी तसं बोललं न्हाय."

"काही घोर? काळजी?"

सिंधुबाई हसल्या, जेवढं हसता येत होतं तेवढं. "ल्योक गुणाचा, सून गुणाची, ऊस पान्यावर हाय. घोर कशाचा करू?"

चौदाच्या चौदा प्रश्नांपुढं 'नाही' पडलं. उत्कर्षानं पेन ठेवलं आणि पुन्हा आरसा तोंडात घातला. उजव्या बाजूला वरच्या-खालच्या दातांवर एक खाच होती. दोन्ही दात समोरासमोर झिजलेले, घोटून गुळगुळीत झालेले. दातात सुई धरणारा शिंपी तिनं पाहिला होता, खिळे धरणारा सुतारही पाहिला होता. पण एवढी रुंद खाच कशाचीच नसते.

"मावशी, दातात काय धरता तुम्ही?"

सिंधुबाईंनी खाली बघत पदराचा काठ उचलला आणि दातात धरला. तो खाचेत अगदी बिनबोभाट जाऊन बसला. डोईवरचा पदर जागचा हलला नाही आणि दोन्ही हात मोकळे झाले.

"लगीन झाल्यापासनं," त्या तशाच, दात न उघडता म्हणाल्या. "हात कामात असत्यात. पदर ढळू ने म्हणून."

उत्कर्षा बघत राहिली. माणसाच्या अंगात दाताइतकं कठीण दुसरं काही नाही. हाडसुद्धा नाही. आणि तो दात या बाईनं सुती लुगड्याच्या काठानं झिजवला होता. चाळीस वर्षं, रोज, गुपचूप. आपला कागद तिला एकदम फार लहान वाटला.

"कुणासमोर घेता पदर?"

"मामंजींच्या म्होरं. दिसभर वसरीवर बसून असत्यात. माझी चूल, गोठा, समदं त्यांच्या म्होरंच."

"बाहेर बसलेत ते?"

"व्हय. बिरदेवआबा. मी येनारच म्हनले, ऐकंनात. मग ऋतिकनं, माझ्या नातवानं, जीपमधनं दोघांस्नी आणून सोडलं."

काचेच्या दारातून म्हातारा दिसत होता. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, दोन्ही पंजे काठीवर, पाठ ताठ. तो याच दाराकडं बघत होता. अर्ध्या तासात त्याची नजर तसूभर हलली नव्हती. समोरच्या टीव्हीकडंसुद्धा त्यानं एकदा बघितलं नव्हतं.

"फार कडक आहेत का?"

"त्यांना समदं कळतं, बाई. कोण आलं ते पावलावरनं वळखत्यात. भाकरी जराशी करपली तरी वसरीवरनं हाळी देत्यात."

उत्कर्षाच्या नाकावर राग कायमच मुक्कामाला असे. तो आता बाहेर पडायला निघाला. तरी आवाज शांत ठेवून ती म्हणाली, "आजपासून पदर दातात धरायचा नाही. पिन लावा."

"पिनंनं पदर ऱ्हाईल. मान कसा ऱ्हाईल?"

"मावशी, तोंड कायमचं मिटेल तुमचं. थांबा, मीच सांगते त्यांना."

सिंधुबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "नका सांगू, बाई. त्यांना कळाया नको. तुमच्या पाया पडते."

एवढी भीती. उत्कर्षानं मनगट सोडवून घेतलं आणि ती तरातरा बाहेर आली.

"आबा, मी डॉक्टर," ती म्हाताऱ्याच्या बाजूला उभी राहून म्हणाली. त्यानं तिच्याकडं मान वळवली नाही. नजर दारावरच. उत्कर्षाचा उरलासुरला धीर संपला.

"चाळीस वर्षं तुमच्यासमोर दातात पदर धरून तुमच्या सुनेचा जबडा निकामी व्हायला आलाय. भाकरी खाता येत नाही तिला. तुम्ही वडीलधारे. दिवसभर तिच्यासमोर बसता. एका शब्दानं म्हणाला असतात, की सूनबाई, सोड तो पदर, तर काय बिघडलं असतं?"

दारात सिंधुबाई येऊन उभ्या होत्या. पदर पुन्हा दातात होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या उत्कर्षाला मानेनं 'नको, नको' म्हणत होत्या.

म्हाताऱ्याचे पंजे काठीवर आवळले गेले.

"दात आवळून बोलती, ते पदरापायी व्हय?" तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, माझं करून करून पोर विटली. राग धरून बोलती माझ्यासंगं. म्हनून मीबी कधी इचारलं न्हाय. मला काय ठावं, बाई, अजून पदर घेती म्हनून? एकोणीस वर्सं झाली, मला दिसत न्हाय."