वर्गातील वापर : उत्तम

"त्रेचाळीसच मोठं. आमच्याकडं चार जुड्या हायेत, तुमच्याकडं तीनच," रूपा समोरच्या गटाला ठणकावत होती. तिसरीचा वर्ग जमिनीवर गोल करून बसला होता. मध्ये कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या. पोरं वाद घालत होती, मोजत होती, पुन्हा मोजत होती. गजाला मॅडम पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आदल्याच दिवशी पाचोडजवळच्या या शाळेत परतल्या होत्या.

मुख्याध्यापक काकासाहेब दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, आवाज ऑफिसात येतोय. पोरं रांगेत बसवा. प्रशिक्षण तिथंच ठेवून यायचं असतं."

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या सुलेखाबाई हळूच म्हणाल्या, "मीपण करून बघितलं होतं. आता नाय करत."

गजाला मॅडमनी आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ऑफिसातून निरोप आला. तिसऱ्या आठवड्यात काड्या कपाटात गेल्या. पोरं रांगेत बसून पाढे म्हणू लागली. रूपाही निमूट म्हणायची.

वर्षअखेरीस तालुक्याहून तक्ता आला. 'प्रशिक्षणाचा वर्गातील वापर' या रकान्यात काकासाहेबांनी 'उत्तम' लिहिलं. दुसरं काही लिहिलं की खुलासा द्यावा लागतो. त्या एका शब्दावर गजाला मॅडमची तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून निवड झाली.

जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरला मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण भरलं. शिकवायला गजाला मॅडम होत्या. चाळीस मुख्याध्यापक सतरंजीवर गटागटानं बसले. काकासाहेब पुढच्याच गटात. त्यांनी जुड्या बांधल्या, शेजारच्या गटाशी हुज्जत घातली, हरले आणि पोटभर हसले. त्यांच्याकडे बघताना मॅडमना वर्षभरात पहिल्यांदाच हलकं वाटलं. आता यांना कळलं, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटी मनोगतासाठी काकासाहेबच उठले.

"लई आवडलं मॅडम. पण आमची अडचण येगळी हाय. शिक्षकच नवीन काही करायला तयार होत नाहीत."

सगळ्या मुख्याध्यापकांनी माना डोलावल्या.

गजाला मॅडम म्हणाल्या, "सर, मी तुमच्याच शाळेत शिकवते."

"तुमचं सोडा," काकासाहेब कौतुकानं म्हणाले, "तुम्ही तर तज्ज्ञ. मी शिक्षकांचं बोलतोय."