नववं वळण

सहाव्यांदाही गाडी नवव्या वळणावर भिंतीला धडकली. खुर्चीनं घोरपड्यांना गदागदा हलवलं, समोरचे तिन्ही पडदे लाल झाले.

खरी गाडी होतीच कुठे? शलाकानं इंचाइंचानं मोजून संगणकात उभा केलेला शर्यतीचा रस्ता तो. रविवारच्या शर्यतीचा सराव त्यावर चालला होता. पण पंचेचाळिशीच्या या कसलेल्या गाडीवाल्यानं सहा वेळा तिथंच आपटावं, हे तिला बघवेना.

"डोळे गेले बघ माझे," हातमोजे काढत घोरपडे म्हणाले. मग एकदम थबकले. "पोरी, इथं डावीकडं पाण्याची निळी टाकी होती की! ती दिसली की मी ब्रेक दाबतो. वीस वर्षं तेच करतोय."

शलाकाची चुळबुळ सुरू झाली. सांगावं की नको? तिनं संगणकात टाकी होती तिथं परत ठेवून दिली.

या वेळी घोरपड्यांनी वळण असं अलगद घेतलं, की कडेच्या पांढऱ्या रेघेलाही चाक शिवलं नाही.

"आता बोल! म्हातारा झालो म्हणतात लेकाचे!"

शलाका त्यांच्या खुर्चीपाशी आली. "काका, टाकी मीच काढली होती. तिथली खरी टाकी गेल्या महिन्यात पाडली."

त्यांचं हसू विरलं. पडद्यावरच्या त्या निळ्या टाकीकडं त्यांनी एकदा बघितलं. मग त्यांनी हातमोजे पुन्हा चढवले.

"काढ ती," ते म्हणाले. "आपटायचं ते इथंच आपटू दे."