बोटाएवढा डबा

पूर्णेच्या इंजिनशेडातून सत्त्याहत्तर साली फिटर म्हणून निवृत्त झालेल्या बन्सीधरनं घरी बाजेएवढं लाकडी इंजिन केलं. ताडकळसचा अर्धा बाजार ते बघायला यायचा. एक दिवस त्यानं ते शाळेला देऊन टाकलं अन् पुन्हा नव्यानं सुरुवात केली, बोटाएवढ्या एका डब्यापासून.

“या वयात येवढं बारीक काम?” शेजारचा किशनराव म्हणाला. “अन् इंजिन सोडून पयला डबा?”

“मनकर्णाच्या वळखीचा तेवढा डबाच हाय.”

तीन महिन्यांनी इंजिन अन् पाच डबे जोडून त्यानं पुरी गाडी बायकोच्या मांडीवर ठेवली. मनकर्णाचे डोळे लहानपणीच देवीत गेलेले. मोठ्या इंजिनाचं तिच्या हाताला एका वेळी एक चाकच लागायचं. आता तिची बोटं इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेली, तशीच परत आली.

“बरं केलं तुमी, बारीक केली,” ती म्हणाली. “इतकी वर्षं गाडीनं माहेरी गंगाखेडला जाते मी. पण गाडी म्हंजी एक दांडा, दोन पायऱ्या अन् बाकडं, येवढीच मला ठाव होती. आज पुरी बघितली.”